फुलसिंगचा रडका बाजा

तुमच्या गावात मुलगी सासरी निघते तेव्हा रडतं कोण? खरं सांगा. आई रडते, मावशा रडतात, बाप मांडवामागं जाऊन उगीच दोऱ्या सोडत बसतो आणि नवरी रुमाल तोंडाला लावते. व्हिडिओवाला ओरडतो, ताई, इकडं बघा. झालं. पाच मिनिटांत गाडी हलली.

आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात तसं नव्हतं. तांड्यातली नवरी गाऊन रडायची. त्याला ढावलो म्हणतात. एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि त्या माणसाचं नाव घेऊन, त्याचं नातं सांगून, त्यानं काय दिलं नि काय दिलं नाही ते सगळं लांब हेलात बोलायचं. बापाला वेगळं, भावाला वेगळं, शेजारणीला वेगळं, दावणीच्या गायीलासुद्धा वेगळं. सूर वर चढायचा, तिथून घसरत खाली यायचा, मध्येच हुंदक्यात अडकायचा आणि पुन्हा सावरायचा. आणि हे आपोआप येत नाही, शिकावं लागतं. गरिबाचं गाणं रानातल्या गवतासारखं उगवतं असं ज्या शहाण्यांना वाटतं, त्यांनी एकदा जमनाबाईच्या ओसरीत येऊन बसायला पाहिजे होतं. लग्न ठरलं की पोरगी महिनाभर रोज दिवस मावळताना तिच्यापुढं बसायची. चुकली की जमनाबाई तिच्या मनगटावर चापट मारायची. बरोबर आलं तर काही बोलायची नाही, नुसती तंबाखू मळायची.

हा तांडा डोंगरकड्यापासून दीड कोसावर, कळमनुरी तालुक्यात. फुलसिंग राठोड त्याच तांड्यातला. सातवीला शाळा सुटली, ऊसतोडीला गेला, परत आला. भजनी मंडळाची पेटी हाताशी लागली, तिच्यावर बोटं बसली. पुढं चार जणांची बँड पार्टी काढली. ढोल, ताशा, खुळखुळा आणि फुलसिंगची पेटी. पण पेटीचा आवाज ढोलात बुडून जायचा.

ब्याण्णव साली अकोल्याला एक ऑर्केस्ट्रा मोडला. त्याचं सामान विकायला निघालंय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून फुलसिंग गेला आणि परत येताना डोक्यावर एक धूड घेऊन आला. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, वर रेडिओसारखे पिळायचे पंचवीस-तीस कान, खाली पेटीसारख्या पट्ट्या. ऑर्केस्ट्रावाले त्याला सिंथेसायझर म्हणायचे. तांड्यानं त्याला बाजा म्हटलं. एका वेळी एकच सूर वाजायचा त्याच्यावर. दोन पट्ट्या दाबल्या तरी तो एकाच पट्टीचं ऐकायचा.

पारुबाईनं, म्हणजे फुलसिंगच्या बायकोनं, दारातच विचारलं, "ह्ये काय आणलं?"

"बाजा हाये."

"दोन सूर बी एकदम निघत न्हाईत म्हनं याच्यातून. अर्धाच आणला काय?"

"तुला किती तोंडं हायेत? एकच ना? पुरतं का न्हाई गावाला?"

पारुबाई हसली. त्या दिवशी तरी हसली.

बाजाचं नाव झालं ते मिनाच्या लग्नात. मिना फुलसिंगची चुलत बहीण, आश्रमशाळेत शिकलेली. वसतिगृहातून थेट लग्नालाच आली, तिचं ढावलो शिकणं राहून गेलं. निघायची वेळ झाली. ती आईच्या गळ्यात पडली आणि गप्प. दोनशे माणूस बघून राहिलं. बाया कुजबुजायला लागल्या. फुलसिंगला काय सुचलं कोण जाणे, त्यानं बाजा ओढला आणि लहानपणापासून कानात होता तो ढावलोचा सूर धरला.

तांड्यात लाईट होतीच, तेवढ्यात शिवारातलीही आली. लाईट आली की सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम उचलायच्या. फुलसिंगनं वरची पट्टी दाबून धरली होती, तो सूर आपोआप खाली घसरला. थरथरला. बसला. मग हळूहळू वर सावरला. बाईचा गळा भरून येतो अगदी तसा. मिनानं हंबरडा फोडला. तिच्यामागं आई, आईमागं सगळा तांडा. ढोलवाल्यानं हातातली टिपरी खाली टाकली.

"बाजा रडला," लोक म्हणाले.

फुलसिंगलाही तेच वाटलं. त्याला वाटलं, या लाकडाच्या पेटीत काहीतरी आहे जे आपल्या माणसांना ओळखतं.

पुढची दहा वर्षं त्या बाजाची होती. डोंगरकडा, कुरुंदा, नरसीच्या पलीकडचे तांडे, सगळीकडून बोलावणी. बैलगाडीतून, मग टेम्पोतून, धूड जायचं. नवरी जायच्या वेळेला घरधनी म्हणायचा, "फुलसिंगभाऊ, जरा रडवा." फुलसिंग खुर्ची ओढून बसायचा. कुठं सूर घसरायचा, कुठं नाही. घसरला की लोक म्हणत, बाजा आज खूश आहे. नाही घसरला तर म्हणत, मुहूर्त चुकला असंल.

आता यात एक गोष्ट झाली आणि ती कुणाच्या ध्यानात आली नाही. पोरींनी जमनाबाईच्या ओसरीत जायचं सोडलं. काहून जायचं? महिनाभर चापटा कोण खाणार? फुलसिंगचा बाजा आहे ना. पहिल्या वर्षी दोघीजणी गेल्या नाहीत, पुढच्या वर्षी पाच. नव्व्याण्णव साली परभणीतून तुटून हिंगोली जिल्हा झाला, तोवर ओसरी रिकामी झाली होती.

ध्यानात आली नाही म्हणालो, ते चूक. जमनाबाईच्या आली होती. एकदा तिनं फुलसिंगला रस्त्यात गाठलं.

"फुल्या, तुझ्या डब्ब्यानं माझ्या पोरींची तोंडं बंद केली."

"काकी, मी तर तुमचंच वाजवतो."

"माझं? माझं नाव घे बरं त्याला म्हणावं. सासूचं घे म्हणावं. बापाचं घे." तिनं बोट नाचवलं. "नुसतं ऊं ऊं तर कुत्रं बी करतं."

फुलसिंगला राग आला. नावाजलेल्या माणसाला लवकर येतो. तो म्हणाला, "म्हातारे, तुला बोलावणं येत न्हाई म्हणून जळती तू." जमनाबाईनं कमरेची पिशवी काढली, तंबाखू मळत निघून गेली.

दोन हजार तीन साली पावसाळ्याच्या तोंडाला खांबावर तार तुटली आणि तांड्याच्या लाईनीत दुप्पट दाबाची वीज घुसली. घराघरातले बल्ब पांढरेफट होऊन फुटले, दोन टीव्ही गेले आणि बाजा गेला. फुलसिंग तो घेऊन हिंगोलीला गेला, नांदेडला गेला, अकोल्याच्या जुन्या माणसाकडं गेला. सगळ्यांनी मागची पत्र्याची पाटी उघडली, वास घेतला आणि मान हलवली. याचे पार्ट आता निघत नाहीत, भाऊ.

मग त्यानं हलका, प्लास्टिकचा कीबोर्ड घेतला. त्यात शंभर आवाज होते, बासरी, सतार, कुत्र्याचं भुंकणंसुद्धा होतं. ढावलो मात्र त्यावर शाळेतल्या प्रार्थनेसारखा वाजायचा. एका लग्नात जायच्या वेळेला नवरीचा मामा म्हणाला, "भाऊ, तुमचा रडका बाजा कुठं गेला? ह्ये काय, आईस्क्रीमची गाडी आली काय?" लोक हसले. त्याच्या पुढच्याच वर्षी वसमतहून डीजे आला. माणसाच्या उंचीचे डबे, त्यातून छातीवर गुद्दे मारणारा आवाज. ढोलवाला पुण्याला वॉचमन झाला, ताशावाला गवंड्याच्या हाताखाली गेला. फुलसिंग भजनी मंडळाच्या पेटीवर परत आला, जिथून निघाला होता तिथं.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर त्याच्या पुजाचं लग्न ठरलं. पुजा एकुलती. कळमनुरीला बारावी झालेली, बोलायला फटकळ, बापावरच गेलेली. तारीख वैशाखातली. ठरलं त्या दिवशी ती बापाशेजारी येऊन बसली.

"बा, एक सांगू? मला ढावलो येत न्हाई."

"कोणाला येतो आता? शिकलेल्या बी आपल्या लग्नात एकदा म्हणून विसरल्या."

"जमनाआजीचं तर तोंड गेलं." दोन वर्षांपूर्वी जमनाबाईवरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. "मी मुकी न्हाई जानार घरातून. तू वाजवशील ना?"

"वाजवीन," फुलसिंग म्हणाला.

बोलून बसला. कशावर वाजवणार ते त्यालाही माहीत नव्हतं.

माघात तो पेटीचा भाता बदलायला नांदेडला गेला. वाद्यांचं दुकान ओमप्रकाश नावाच्या माणसाचं. त्यानं फुलसिंगला बघताच आतून एक रंगीत कागद आणला. "राठोड भाऊ, देखो! आपका पुराना माल फिर से निकाला कंपनी ने!" कागदावर फोटो होता. त्याच लाकडी फळ्या, तेच कान, त्याच पट्ट्या. अंगानं थोडा बारीक, रंग नवा, पण तोच. फुलसिंगला मेलेला भाऊ बाजारात समोरून यावा तसं झालं. मुंबईच्या एका स्टुडिओवाल्यानं मागवलेला एक नग आठवडाभरात दुकानात येणार होता, त्यानं ऐनवेळी सौदा मोडला होता म्हणे. दुसरा परत कधी येईल त्याचा भरवसा नाही.

कागद घडी करून खिशात ठेवला. घरी पुजानं त्यावरचं इंग्रजी वाचून दाखवलं. "जुना आवाज, नवा भरवसा, असं लिहून राहिले."

"आवाज जुनाच म्हणतात ना? परत वाच."

"जुनाच, बा."

पारुबाई चुलीपुढून म्हणाली, "किंमत वाच ना, ती काहून गिळून राहिली?"

किंमत कागदावर नव्हती. ती ओमप्रकाशनं तोंडी सांगितली होती आणि फुलसिंगनं घरात तोंडी सांगितली. नव्या मोटारसायकलीएवढी. लग्नासाठी जे बाजूला ठेवलं होतं ते जवळजवळ सगळं.

"म्हंजे भांडी न्हाई, कपाट न्हाई, पोरीसंगं बाजा पाठवायचा?" पारुबाई म्हणाली. "एका दिवसाच्या रडण्यापायी? रडायला पैसे लागतात काय? मी फुकट रडते, या इकडं, बघा."

"तुला कळत न्हाई."

"मला बराबर कळतं. तुमाला पोरीसाठी न्हाई पायजे त्यो. तुमाला 'फुलसिंगभाऊ, जरा रडवा' ऐकायचंय परत."

फुलसिंग ताटावरून उठला. पण बाईचं बोलणं खरं होतं आणि खोटंही होतं, आणि किती खरं नि किती खोटं ते त्याला त्या दिवशी सांगता आलं नाही. आजही येत नाही.

नग आल्याचा फोन आला. तो एकटाच गेला. दुकानात मध्यभागी टेबलावर बाजा ठेवलेला, वर प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. ओमप्रकाशनं स्वतः काढलं. "हाथ लगाओ, भाऊ, शरमाओ मत." फुलसिंगनं हात धोतराला पुसले, स्टुलावर बसला. वरची पट्टी दाबली. आवाज तोच. जाड, घशातला, कडेला किंचित फाटलेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पट्टी दाबून धरली आणि वाट बघत राहिला.

सूर हलला नाही. पुतळ्यासारखा उभा राहिला.

त्यानं सोडली, परत दाबली. कान फिरवून पाहिले, एक, दोन, सगळे. आवाज जाड झाला, बारीक झाला, पण घसरला नाही.

"रडत न्हाई ह्यो," तो म्हणाला.

"क्या?"

"रडत न्हाई. जुना रडायचा. वर दाबला की खाली यायचा, मग वर जायचा. आपल्याआप."

ओमप्रकाशला कळेना. त्यानं मागून मेकॅनिकला हाक मारली. चष्मा कपाळावर चढवून तो आला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या तांड्यात व्होल्टेज कसं असायचं हो, काका?"

"कसलं व्होल्टेज? मोटारी उचलल्या की बल्बाची मेणबत्ती व्हायची."

मेकॅनिक हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "मग तेच. जुन्या मशीनला वीज कमी पडली की सूर बसायचा. तो दोष होता त्याच्यात. नव्यात कंपनीनं काढून टाकलाय. आता बल्बाची मेणबत्ती होऊ द्या, सूर हलणार नाही. फारच कमी पडली तर बंद होईल, पण बेसूर होणार नाही."

फुलसिंग बसूनच राहिला. दहा वर्षं. मिना, तिच्यामागच्या सगळ्या पोरी, ते हंबरडे, तो मान. बाजा कधी रडलाच नव्हता. शिवारातल्या मोटारी पाणी ओढत होत्या. लोक वाकून ज्याला हात लावायचे ते विजेचे हाल होते, आणि त्या हालांपायी आपण एका म्हातारीची ओसरी ओस पाडली.

"दोष काढला म्हणतो," तो म्हणाला. आवाज चढला. "कोणी सांगितलं होतं काढायला? माझ्या गळ्यातून कफ काढता काढता गळाच काढला तुमी!"

"भाऊ, गुस्सा क्यूँ?" ओमप्रकाश म्हणाला. "ये चक्का है ना. देखो." पट्ट्यांच्या डाव्या बाजूला एक लहान चाक होतं. जुन्यावर तिथं नुसतं भोक होतं, चाक अकोल्यातच कधी तुटून गेलं असणार. ओमप्रकाशनं ते खाली ओढलं, सूर खाली आला. सोडलं, सूर वर गेला. "जितना चाहे रुलाओ. अब आपके हाथ में है."

फुलसिंगनं चाकावर अंगठा ठेवला. ढावलो सुरू केला. पहिला हेल चढवला आणि तिथंच अडला. इथं घसरायचं का पुढं? एकदा का दोनदा? बापाच्या नावावर का नावानंतर? दहा वर्षं मोटारी ठरवत होत्या. त्याच्या आधी जमनाबाई ठरवायची. त्यानं स्वतः कधी ठरवलंच नव्हतं.

"आठ दिवस ठेव," तो ओमप्रकाशला म्हणाला. "कोणाला दाखवू नको. नवव्या दिवशी सांगतो."

त्याच संध्याकाळी प्लास्टिकचा कीबोर्ड काखेत मारून तो जमनाबाईच्या ओसरीत गेला. तसलंच एक लहान चाक त्यालाही होतं, फुलसिंगनं कधी हात लावला नव्हता. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली, अर्धा चेहरा उतरलेला. फुलसिंगनं तिच्या पायाला हात लावला.

"काकी, मागचं पोटात घाला. पुजाचा ढावलो पायजे. मी वाजवतो, तुमी सांगा."

तो वाजवू लागला. पहिल्या हेलातच तिचा डावा हात उचलला आणि त्याच्या मनगटावर बसला. चूक. त्यानं चाक आधी ओढलं. चापट. उशिरा ओढलं. चापट. दोनदा ओढलं, अर्धं ओढलं, ओढलंच नाही. चापट, चापट, चापट. चूक काय ते तिला पक्कं कळत होतं. बरोबर काय ते सांगायला तोंड नव्हतं. एकदा तिनं सांगायचा यत्न केला. ओठ वाकडे झाले, घशातून वारं आलं, लाळ आली. आणि ती स्वतःवरच इतकी चिडली की भिंतीवर हात आपटून घेतला.

सात संध्याकाळी तो गेला. पुजाही बसायची शेजारी. सातव्या दिवशी त्याचं मनगट लाल होतं आणि एक ओळही चापटीवाचून पार पडली नव्हती. आठव्या दिवशी तो गेला नाही. बांधावर बसून राहिला. बाजा घेतला तर आवाज मिळेल. पण त्या आवाजात घालायला आपल्याकडं काय आहे? भांडी-कपाट मोडून आणायचा आणि मांडवात बसून पुन्हा ऊं ऊं करायचं. लोक रडतील. लोकांना कळणार नाही. पण ओसरीत एक जण बसलीय, तिला कळेल.

नवव्या दिवशी त्यानं डोंगरकड्याच्या स्टँडवरून फोन लावला. "नको. देऊन टाक कोणाला बी."

"भाऊ, पछताओगे. दुबारा नहीं आएगा."

"म्हाईत हाये," म्हणाला आणि ठेवून दिला.

पारुबाईला सांगितलं तेव्हा ती जिंकल्यासारखी वागली नाही. नुसती म्हणाली, "पोरीला तुमीच सांगा." ते त्याच्यानं झालं नाही. पण घरात भांडी आली, कपाट आलं. पुजानं बघितलं आणि काय ते समजली.

वैशाखात लग्न झालं. डीजे मुलाकडच्यांनी आणला होता. निघायच्या वेळेला पुजानं जाऊन तो बंद करायला लावला, स्वतः, नवरीच्या कपड्यात. एकदम सगळं शांत झालं. ती फुलसिंगपुढं येऊन उभी राहिली आणि थांबली. कशाची वाट बघत होती ते दोघांनाही ठाऊक होतं. फुलसिंगला हात कुठं ठेवावेत कळेना. शेवटी पुजाच म्हणाली, "असू दे, बा." आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग ती ओसरीत गेली. जमनाबाईच्या गळ्यात पडून रडली. शब्द नाहीत, नाव नाही, हेल नाही. तुमची-आमची पोर रडते तशी. आणि म्हातारीनं तिच्या मनगटावर, अगदी हलक्या हातानं, चापट मारली.

नवा बाजा लातूरकडचा कुणीतरी घेऊन गेला. जमनाबाई त्याच पावसाळ्यात वारली. पुजा पहिल्या सणाला माहेरी आली, हसली, बोलली, त्या दिवसाचं कुणीच काही काढलं नाही. फुलसिंग आता लग्नात वाजवत नाही. बोलावलं तर चिडतो. मात्र आजूबाजूच्या तांड्यांत पायी हिंडतो, म्हाताऱ्या बायांच्या दारात बसतो, विचारतो. एकीला दोन ओळी येतात, दुसरीला बापाचा तेवढा येतो, तिसरी म्हणते, पोरा, आता कुठं रे. आजवर अख्खा ढावलो येणारी एक बाई त्याला भेटलेली नाही. भेटेल असं त्यालाही वाटत नाही.

तुमच्या ओळखीत, किनवटला, पुसदला, कुठल्याही तांड्यात, ढावलो पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणणारी बाई जिवंत असेल, तर तिचा सत्कार-बित्कार करू नका, शाल-नारळ घेऊन फोटो काढायला जाऊ नका. एक पोस्टकार्ड टाका: फुलसिंग राठोड, मुक्काम तांडा, पोस्ट डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. तो स्वतः येईल. पण कार्ड आजच टाका.